जुन्या ओम्नीच्या इंजिनातून टिकटिक : टॅपेट, मॅनिफोल्ड की क्रँक?

पुणेनाका_१३

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ओम्नी, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एलपीजी किट बसवलेली. सोलापूर शहरात रोज, अधूनमधून अक्कलकोट-तुळजापूर.

सकाळच्या थंड स्टार्टला सीटखालून बारीक, कोरडी टिकटिक येते. रेस दिली की वेग वाढतो. गरम झाल्यावर आवाज उतरतो, पण जात नाही. ऑइलचा दिवा इंजिन सुरू होताच विझतो. ऑइल २०डब्ल्यू-४०, डिपस्टिकवर खालच्या खुणेच्या जेमतेम वर. पिकअप कमी वाटतोय. एका गॅरेजात नुसतं ऐकून सांगितलं, "क्रँकचं (खालच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) काम निघणार, इंजिन उतरवावं लागेल." उतरवायच्या आधी घरच्या घरी काय काय बघता येईल?

शेंगाचटणी

टॅपेटचा आवाज बंद करणारं लिक्विड मिळतं की. ऑइलमध्ये एक बाटली ओतायची, विषय संपला.

रॉकरशाफ्ट

बाटली ठेवा बाजूला. ती असते हायड्रॉलिक टॅपेटवाल्या इंजिनासाठी. त्यात टॅपेटच्या आत ऑइलवर चालणारा छोटा पिस्टन असतो, तो मळीनं अडकला की वाजतो आणि लिक्विडनं कधीकधी सुटतो. ओम्नीच्या आठशे सीसीला हायड्रॉलिक काहीच नाही. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा), त्यानं हलणारा रॉकर, रॉकरच्या टोकाला स्क्रू (यालाच इथं टॅपेट म्हणतात) आणि लॉकनट, खाली व्हॉल्व्ह. स्क्रू आणि व्हॉल्व्हमधला गॅप वाढला असेल तर तो पान्ह्यानंच कमी होणार.

आधी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी मोजा. सगळं ऑइल मिळून तीन लिटरच्या आत-बाहेर आहे या इंजिनात, त्यातलं अर्धा-पाऊण लिटर कमी म्हणजे थोडंथोडकं नाही. काळं, पातळ, पेट्रोलचा वास येणारं असेल तर फिल्टरसकट बदला आणि मगच आवाजाकडं वळा. क्रँक गेला असं नुसतं ऐकून कुणी सांगत असेल तर त्याला एवढंच विचारा, कुठला सिलिंडर?

डिपस्टिक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. 'टिकटिक येते' एवढ्यावर कुणीच काही सांगू शकणार नाही. दोन प्रश्नांची उत्तरं काढा, अर्धं निदान तिथंच होतं.

पहिला प्रश्न : आवाज क्रँकच्या वेगानं येतो की कॅमच्या? क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. आयडलिंग ९०० आरपीएम धरलं तर एका ढिल्या व्हॉल्व्हचे मिनिटाला ४५० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला साडेसात. बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा कॉनरॉड क्रँकला जोडतो तिथलं) गेलं असेल तर आवाज क्रँकच्या फेरीसोबत चालतो, सेकंदाला पंधराच्या घरात. हे कानानं मोजणं शक्य नाही. म्हणून टायमिंग लाइट मागून आणा, त्याची क्लिप एक नंबरच्या प्लगच्या हायटेंशन वायरला लावा. डिस्ट्रिब्युटरवाल्या (प्लगांना आळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग असलेल्या) इंजिनात तो प्लग दोन क्रँकफेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे लाइट कॅमच्या वेगानं लखलखतो. एका लखलखाटाला एक टिक येत असेल तर कारण वरच्या मजल्यावर. दोन येत असतील तर खाली. टायमिंग लाइट नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाव वेगानं ऐका. आकडा बिनचूक येणार नाही, पण साडेसात आणि पंधरातला फरक कळतो.

दुसरा प्रश्न : एकेक सिलिंडर मारल्यावर, म्हणजे त्याची ठिणगी तोडल्यावर, आवाज बदलतो का? गाडी पेट्रोलवर घ्या, गॅसवर नको. इंजिन आयडलिंगला ठेवून एका प्लगची कॅप काढा आणि लगेच तिच्यात जुना प्लग अडकवून तो इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. वायर मोकळी लोंबत ठेवू नका, कॉइलवर ताण येतो आणि तुम्हाला झटका बसतो तो वेगळाच. रबरी हातमोजा किंवा प्लायरला जाड रबर. पाच-सहा सेकंद ऐका, परत लावा, पुढचा घ्या.

आता दोन्ही उत्तरं जोडा. क्रँकचा वेग, आणि एखादा सिलिंडर मारल्यावर आवाज मऊ पडतो : कॉनरॉडचं बेअरिंग, त्या गॅरेजचं म्हणणं खरं ठरेल. कॅमचा वेग, सिलिंडर मारून काडीचा फरक नाही : टॅपेट, रॉकर, किंवा कॅमवर चालणारा पेट्रोल पंप. कॅमचा वेग, पण एक ठरावीक सिलिंडर मारला की आवाज गायब : तिथून दाबाचा वायू बाहेर फुटतोय, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर सायलेन्सरकडं नेणाऱ्या नळाचं) पॅकिंग किंवा ढिला प्लग. हा तिसरा प्रकार निम्म्या वेळा टॅपेट म्हणून खपवला जातो.

पिस्टनचा आवाज (थंडीत खडखड, गरम झाल्यावर कमी) हाही सिलिंडर मारल्यावर उतरतो, पण तो टिक नसतो, जाड आणि पोकळ असतो.

रॉकरशाफ्ट

आणि कान लावायला दीड फुटी सळई किंवा लांब पेचकस घ्या. एक टोक धातूवर, मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेट कव्हरच्या बोल्टवर तीन ठिकाणी, पेट्रोल पंपाच्या अंगावर, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर, खाली ऑइल चेंबरच्या कडेला. जिथं सळई हातात ठोका देते ती जागा. वायूची गळती मात्र सळईनं सापडत नाही, त्याला हात-दीड हात रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं मॅनिफोल्डच्या जोडाभोवती फिरवायचं. बाह्या, उपरणं, गळ्यातली माळ, सगळं पट्ट्यापासून लांब.

पट्टा काढून एकदा ऐका. अल्टरनेटरचं बेअरिंग किंवा पट्ट्याचा सुटलेला धागा टिकटिक करतो. पण याच पट्ट्यावर वॉटर पंप आहे, त्यामुळं एक मिनिटाच्या आत बंद करायचं. आपल्याकडच्या उन्हात तर नक्कीच.

कडकभाकरी

गॅसवर चालणारी गाडी आहे हे कुणी लक्षात घेत नाहीये. एलपीजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (मिटताना तो टेकतो ती कडी) जास्त झिजते. व्हॉल्व्ह सीटमध्ये आत रुतत जातो, म्हणजे त्याची दांडी वर येते आणि रॉकरखालचा गॅप *कमी* होतो. असा व्हॉल्व्ह वाजत नाही, उलट गप्प होतो. गॅप शून्यावर गेला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटवाटे हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) उतरते, तेवढाच वेळ त्याला थंड व्हायला मिळतो. तो टेकलाच नाही तर कडेनं जळतो.

पिकअप कमी झालाय असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. टिकटिक करणाऱ्या व्हॉल्व्हनं पिकअप फारसा जात नाही. माझा अंदाज, वाजणारा एक आणि बिघडलेला दुसराच. आवाज काढायच्या नादात सगळे टॅपेट टाइट करून घेऊ नका.

शेंगाचटणी

पण आपल्याकडं सगळे मिस्त्री गरम इंजिनावर, चालू ठेवून, कानानंच सेट करतात. गाड्या चालतातच की.

डिपस्टिक

चालतात, आणि मग हेड उतरतं. कानाला ढिला व्हॉल्व्ह ऐकू येतो, घट्ट व्हॉल्व्ह ऐकू येत नाही, त्यामुळं कानानं केलेलं सेटिंग नेहमी घट्टाकडं झुकतं.

या इंजिनाचा आकडा : थंड असताना इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीला ०.१३ ते ०.१८ मिमी, गरम असताना ०.२३ ते ०.२८. गरम झाल्यावर गॅप कमी होईल असं वाटतं, पण इथं वाढतो. हेड अॅल्युमिनियमचं आहे, ते पोलादी व्हॉल्व्हपेक्षा जास्त फुगतं आणि कॅम-रॉकर वर उचलले जातात. म्हणून गरम इंजिनावर फिलर गेजची (फट मोजायची) ०.१५ ची पट्टी लावून सेट केलं तर थंड झाल्यावर गॅप जवळपास संपतो. थंडच करा. आणि मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोनला उन्हात उभी असलेली गाडी 'थंड' नसते. रात्रभर उभी ठेवून पहाटे सहाला कव्हर उघडा.

पुणेनाका_१३

ऑइल आणि फिल्टर बदललं. आवाज तसाच, किंचित मऊ.

टायमिंग लाइट लावला. एका लखलखाटाला टिक एकदा, पण नीट ऐकलं तर दोन वेगळ्या टिका आहेत, एक कडक आणि एक फुसफुशीत. सिलिंडर मारून पाहिले. १ आणि २ ला काही फरक नाही. ३ मारला की फुसफुशीत टिक जाते, कडक तशीच राहते. सळईनं कडक टिक टॅपेट कव्हरच्या मागच्या टोकाला सगळ्यात जोरात. पट्टा काढून काही बदल नाही.

रॉकरशाफ्ट

झालं की मग. क्रँक वाचला. दोन आवाज आहेत तुमचे. कडक तो तीन नंबरचा टॅपेट, फुसफुशीत तो तीन नंबरच्या मॅनिफोल्ड पोर्टचा किंवा प्लगचा. आधी प्लग बघा, सोपं आहे. प्लगच्या बुडाभोवती काळं वर्तुळ असेल तर तिथून गळतंय. वॉशरसकट नवा प्लग हातानं टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्ह्यानं अर्धी फेरी. वापरलेला परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, पान्हा घड्याळाच्या एका आकड्याएवढाच. हेडचे आटे अॅल्युमिनियमचे आहेत, जोर दाखवायची जागा नाही ही.

पुणेनाका_१३

प्लग तिन्ही कोरडे आणि घट्ट, बुडाशी काळं काही नाही. तीनचा रंग बाकीच्या दोघांपेक्षा जास्त पांढरट आहे. आता टॅपेट उघडायचे. क्रम नीट सांगाल का? कव्हर कधी काढलेलं नाही.

डिपस्टिक

सामान : ०.०५ पासून पट्ट्या असलेला फिलर गेज, लॉकनटला बसणारा रिंग पान्हा, छोटा पेचकस, नवं टॅपेट कव्हर पॅकिंग, खडू, चिंध्या. टॉवेलचे तुकडे आपल्या गावात काय कमी नाहीत, पण धागे सुटणारे घेऊ नका. एखादा धागा ऑइलच्या वाटेत जाऊन बसतो.

गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला गॅस चालवून संपवा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. सीटा उचला. कव्हरभोवतीची धूळ आधी ब्रशनं आणि फुंकून साफ करा, नाहीतर ती सरळ कॅमवर पडते. तिन्ही प्लग काढा म्हणजे इंजिन हातानं फिरेल. क्रँक पुलीच्या बोल्टला पान्हा घालून, पुलीकडून बघताना घड्याळाच्या दिशेनंच फिरवा. पान्हा पोचत नसेल तर चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी कुणाकडून तरी हळू पुढं ढकलून घ्या.

पुलीवरची खाच शून्याच्या खुणेवर आणा. ही खूण प्रत्येक फेरीला येते, त्यामुळं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून रोटर बघा. तो एक नंबरच्या खुंटाकडं असेल तरच एक नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला (पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले) आहे. 'दोन्ही रॉकर हलतात का बघा' ही पद्धत इथं वापरू नका, कारण तुमचा एखादा रॉकर घट्ट असण्याची शक्यता आहे आणि तो योग्य जागीही हलणार नाही. रोटरवर भरवसा ठेवा.

एक नंबरचे दोन्ही मोजा. फायरिंग ऑर्डर (प्लग पेटण्याचा क्रम) १-३-२. पुढचा सिलिंडर दर २४० अंशांनी, म्हणजे दोन तृतीयांश फेरीवर. पुलीच्या घेरावर खडूनं तीन सारख्या खुणा करा आणि दर वेळी दोन खुणा पुढं जा. मग तीन, मग दोन. *पहिल्या फेरीत स्क्रूला हात लावू नका, सहाही आकडे फक्त लिहून काढा.* आकडे हीच तुमची क्ष-किरण तपासणी आहे, स्क्रू हलला की ती पुसली.

पुणेनाका_१३

थंड इंजिन, सकाळी.

१ : इनटेक ०.१८, एक्झॉस्ट ०.१०
२ : इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.०८
३ : इनटेक ०.३० सहज जाते, एक्झॉस्ट ०.०५ सुद्धा जात नाही

कडकभाकरी

हे बघा! तिन्ही एक्झॉस्ट आत सरकलेत, आणि तीनचा तर पूर्ण मिटतच नसणार. सगळा आरडाओरडा मात्र तीनच्या इनटेकचा. कानावर सेट केलं असतं तर इनटेक टाइट करून, आवाज बंद करून गाडी परत दिली असती आणि थोड्याच महिन्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळाली असती.

सेट करायच्या आधी गेजनं कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) घ्या, आत्ताचं आणि नंतरचं. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची मधली वायर काढून अर्थ केलेली, गॅस बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, चांगल्या बॅटरीवर पाच-सहा फेऱ्या. गेज कुठलाही चालेल, आपल्याला तिघांची आपसात तुलना करायची आहे.

पुणेनाका_१३

बॅटरी जोडून घेतलं. पीएसआयमध्ये : १ ला १६०, २ ला १५५, ३ ला ११०. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून ३ परत घेतला, ११५. फारसं वाढलं नाही.

डिपस्टिक

ऑइल टाकून वाढलं असतं तर पिस्टनच्या रिंगा. नाही वाढलं, म्हणजे व्हॉल्व्ह. आता तो नुसता उघडा राहतोय की जळलाय हे सेटिंगनंतरच कळेल.

लॉकनट ढिला करा, पेचकसनं स्क्रू फिरवून ०.१५ ची पट्टी आत धरा, पट्टी ओढताना हलका खेच लागला पाहिजे. मग पेचकस धरून ठेवूनच लॉकनट आवळा, कारण नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि गॅप बदलतो. आवळून झाल्यावर परत मोजा. ०.१५ जाते आणि ०.२० जात नाही असं झालं की पुढं सरका. गॅसवरच्या गाडीचे एक्झॉस्ट मी ०.१८ च्या बाजूला ठेवीन, रुतायला तेवढी जागा राहते. शेवटी इंजिन हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवून सहाही परत तपासा.

रॉकरशाफ्ट

कव्हर उघडं आहे तोवर अजून बघून घ्या. रॉकर शाफ्टवर आडवा हलतो का, कॅमच्या उंचवट्यावर खरवडल्याच्या रेघा आहेत का. स्टार्टर मारल्यावर प्रत्येक रॉकरशी ऑइल पाझरलं पाहिजे. एखादा कोरडा राहिला तर शाफ्टचं भोक मळीनं बंद. मळी पेचकसनं खरवडून खाली ढकलू नका, ती परतीच्या भोकातून चेंबरमध्ये जाऊन पंपाच्या जाळीवर बसते. चिंधीनं उचलून घ्या.

आणि तीनच्या इनटेकचा स्क्रू पूर्ण बाहेर काढून त्याचं टोक बघा. ०.३० इतका वाढला म्हणजे काहीतरी झिजलंय.

पुणेनाका_१३

स्क्रूच्या टोकाला मधोमध खळगा पडलाय, नखाला लागतो. बाकी पाच गुळगुळीत. सहाही सेट केले. कॉम्प्रेशन १६०, १५५, आणि ३ ला १४५. पण ०.१५ ठेवूनही तीनची कडक टिक पूर्ण गेली नाही, निम्मी झाली.

एमआयडीसी_फिटर

१४५ म्हणजे व्हॉल्व्ह बचावलाय. हेड उतरवू नका. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर परत कॉम्प्रेशन घ्या. खाली आलं तर सीट कटिंग आणि व्हॉल्व्ह लॅपिंगचा (सीट कापून, व्हॉल्व्ह तिच्यावर घासून नीट बसवण्याचा) विचार.

टिक राहिली त्याचं कारण तो खळगा. फिलर गेजची पट्टी सपाट, ती खळग्याच्या दोन काठांवर टेकते. मोजमाप ०.१५ दिसतं, पण व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक खळग्यात बसतं, म्हणजे खरा गॅप ०.१५ अधिक खळग्याची खोली. कितीही वेळा पट्टी लावली तरी हेच होणार. स्क्रू आणि लॉकनट नवे टाका. बसवताना दांडीचं टोकही बघा, तिथंही खळगा असेल तर नवा स्क्रू लवकरच तसा होईल. दांडीचं टोक मशीनवर पुसून घेता येतं, पण त्याला हेड उतरवावं लागतं.

नवा स्क्रू मिळेपर्यंत गाडी चालवायची असेल तर पट्टी न वापरता आट्याच्या हिशेबानं ठेवा. पिच गेजनं स्क्रूचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) मोजा. समजा ०.७५ मिमी निघाला, तर एका पूर्ण फेरीला ०.७५, आणि एक पंचमांश फेरीला ०.१५. स्क्रू बोटानं हलका टेकवायचा, तिथून एक पंचमांश मागं आणि लॉकनट. स्क्रू खळग्याच्या तळाला टेकलेला असतो म्हणून हा गॅप खरा.

उघड्या कव्हरनं चालू इंजिनात पट्टी घालून बघायची युक्ती काही जण सांगतील. ओम्नीत ती नको. ऑइल उडतं, बाजूला तापलेला मॅनिफोल्ड आहे आणि वर सीटचा फोम.

पुणेनाका_१३

स्क्रू-नट नवे टाकले, दांडीचं टोक सपाट आहे. कडक टिक गेली. राहिली फुसफुशीत. रबरी नळीनं मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाशी आवाज स्पष्ट. टॉर्चनं पाहिलं तर तीन नंबरच्या पोर्टजवळ हेडवर काजळीचा पट्टा आहे आणि एक नट जागेवरच नाही.

कडकभाकरी

काजळी म्हणजे पुरावा. खात्री हवी असेल तर थंड स्टार्टला सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या टॉवेलची घडी दोन सेकंद धरा, गळती एकदम मोठ्यानं फुसफुसेल. गरम झाल्यावर आवाज का उतरतो हेही यावरून कळतं. लोखंडी मॅनिफोल्ड तापून फुगतो आणि फट तेवढ्यापुरती दबते. लोडवर परत वाढतो. बाळे गावाच्या पुढं हायवेला चौथ्या गिअरमध्ये दाबून बघा, ऐकू येईल.

हे पुढं ढकलू नका. ओम्नीत इंजिन तुमच्या सीटखाली आहे. गळलेला धूर इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून थेट आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उन्हाळ्यात काचा उघड्या असतात म्हणून निभावतं. पावसात काचा वर केल्या, मागं चार माणसं, आणि डोकं जड व्हायला लागलं की समजा. शाळेची मुलं नेत असाल तर दुरुस्त होईपर्यंत गाडी उभीच ठेवा.

एमआयडीसी_फिटर

मॅनिफोल्ड काढताना घाई केली की स्टड (हेडमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा) तुटतो आणि छोटं काम मोठं होतं. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल. सकाळी इंजिन पूर्ण थंड असतानाच काम. तापलेल्या अॅल्युमिनियममधून स्टड ओढला तर आटे सोबत येतात. नट पाव फेरी सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा. करकरला की थांबून तेल. जिथं नट नाही तो स्टड हेडला समतल तुटला असेल तर मधोमध पंच मारून ड्रिल, आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी). थोडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवा. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो बहुतेक सुटतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि गॅसची टाकी दोन्ही वेगळ्या. हे घरी करायचं काम नाही.

हेडच्या बाजूचं जुनं पॅकिंग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा, लोखंडी खरवडणीनं ओरखडे पडतात. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी धरून खालून ०.१० चा फिलर घालून बघा. आत गेला तर फेसिंग मारून (मशीनवर तोंड सपाट करून) घ्या, नाहीतर नवं पॅकिंगही तीन नंबरलाच परत फुंकलं जाणार. पॅकिंगला सिलिकॉन फासू नका, तिथल्या तापमानाला ते टिकत नाही. स्टडना थोडं कॉपर ग्रीस. मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यांत, शेवटी २० न्यूटन-मीटरच्या आसपास. तीन-चार वेळा गरम-थंड झाल्यावर, थंड असताना एकदा परत हात फिरवा. नवं पॅकिंग बसतं आणि नट किंचित ढिले होतात.

पुणेनाका_१३

स्टड बाहेर राहिला होता, वेल्ड करून निघाला. मॅनिफोल्डमध्ये तीनच्या बाजूला ०.१० चा फिलर जात होता, फेसिंग करून घेतलं. थंड स्टार्टला आता टिक नाही, चढाला चौथा टिकतो. कव्हरच्या एका कोपऱ्यातून ऑइल मात्र किंचित पाझरतंय.

रॉकरशाफ्ट

कव्हरचे नट जास्त आवळलेत तुम्ही. पत्रा वाकतो आणि मधूनच गळतं. काढा, काठ सपाट लाकडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ करा, नटाखालची रबरी वॉशर नवी टाका आणि हातानं बसेल तेवढंच. ते ऑइल मॅनिफोल्डवर ठिबकलं की गाडीत जळका वास येईल, राहू देऊ नका.

शेंगाचटणी

माझी ८०० एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली) आहे. तीही टिकटिक करते, बॉनेट उघडलं की चांगलं ऐकू येतं. तिचंही हेच म्हणायचं का?

डिपस्टिक

एमपीएफआयमध्ये इंजेक्टर उघडता-मिटताना टिकटिकतातच, तो आवाज असायलाच हवा. सळई प्रत्येक इंजेक्टरवर टेकवून ऐका. सगळ्यांचा सारखा असेल तर काही करू नका. एखादा गप्प किंवा वेगळा असेल तर आधी त्याचा कनेक्टर बघा. प्लगची कॅप काढून सिलिंडर मारायची वरची पद्धत तिथं करू नका, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि कॉइलला धोका. त्याऐवजी इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, सुरू करा, ऐका. पेट्रोल येत नाही आणि ठिणगी नेहमीसारखी प्लगवरच पडते. फरक पडला तर कुठला सिलिंडर, थंडीत की गरम झाल्यावर, आणि एका कॅमफेरीला किती टिका, हे लिहून वेगळा धागा काढा.